गाणं पोरवर, पण पोर काय बोलनी? (अहिराणी व्हिडिओंमधली बाई)

कापूसकोंड्या
अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी कपड्यांवर घसरते. एक म्हणतो संस्कृती बुडाली, दुसरा म्हणतो तुझीच नजर वाईट, आणि धागा कुलूपबंद. म्हणून आधीच सांगतो, पदर-ब्लाऊज-घागरा हा इथला विषय नाही.

गाणं सगळं पोरीवर असतं. तिचे झुमके, तिची चाल, तिचा रुसवा. पण त्या तीन-चार मिनिटांत ती स्वतः काय बोलते? कोणतंही एक गाणं घ्या, आवाज बंद करा, कागद-पेन घेऊन बसा. कॉम्प्युटरवर यूट्यूब थांबवून स्वल्पविरामाची कळ दाबली की एक फ्रेम मागे, पूर्णविरामाची दाबली की एक फ्रेम पुढे. कट नेमका कुठे पडलाय ते सापडतं. दर कटला एक रेघ. रेघेपुढे लिहा: ओठ कोणाचे हलतायत, फ्रेममध्ये चेहरा आहे की नुसती कंबर-पाठ-पाय, आणि कोण कोणाकडे बघतंय.

बऱ्याच गाण्यांत पोऱ्याच्या खात्यात ‘ओठ’ भरतील आणि पोरीच्या खात्यात ‘चेहरा नाही’. गोम इथेच आहे असं माझं म्हणणं. तुम्ही मोजून सांगा, नुसतं वाटून नको.

भरीतकिंग
आवाज बंद करून अहिराणी गाणं? म्हणजे भरीत खायचं आणि मिरची वेचून काढायची.

टाइमलाइनवाला
कापूसभाऊ, निरीक्षण बरोबर आहे. असं का होतं ते एडिटिंगच्या बाजूने सांगतो.

गाणं साधारण सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर कापतात. स्लो मोशन हवा तर ५० फ्रेमने शूट करायचं, वेग निम्मा होतो. १०० ने केलं तर पाव. पण ५० वर शूट केलं की ओठ जुळत नाहीत. जुळवायचे तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं, आणि त्या चिवचिवाटावर कलाकाराला शब्द पकडावे लागतात. सवय नसेल तर टेकवर टेक जातात, ऊन चढतं, बॅटऱ्या संपतात. पोऱ्याला तोंड हलवायचं असतं, म्हणून त्याचे शॉट साध्या वेगात उरकतात. पोरीला ओळच नाही, म्हणून तिचे शॉट बिनधास्त ५० किंवा १०० वर. वळणं, केस मागे टाकणं, ओढणी सोडणं, सगळं पाण्याखाली चालल्यासारखं. आधी ओळ नाही म्हणून स्लो, आणि मग स्लो म्हणून नुसती बघण्यापुरती.

यातली हमखास फसगतही सांगतो. पुष्कळदा शूट २५ वरच होतं आणि स्लो नंतर सॉफ्टवेअरमध्ये ओढतात. मधल्या फ्रेम नसतात, त्या सॉफ्टवेअरमधला ऑप्टिकल फ्लो अंदाजाने बनवतो. बांगड्या, झुमका, बोटं, जिथे जिथे बारीक हालचाल आहे तिथे कडा वितळतात. थांबवून बघा, हातात बांगड्यांच्या जागी काचेची लापशी दिसेल.

मेहरूणकाठ
माले पटनं नही भो. प्रत्येक गोष्टीत डाव शोधू नका. कॅमेरा कमरेच्या उंचीवर का असतो? गिंबल (कॅमेरा न डगमगू देणारा दांडा) दोन हातांनी धरला की तो आपोआप पोटासमोर येतो. कॅमेरा, लेन्स, गिंबल मिळून दोन-तीन किलोचा ऐवज छातीच्या वर दिवसभर धरून बघा, खांदे भरून येतात. म्हणून लेन्स खाली. समोर पोरगी असो नाहीतर बैल, शॉट कमरेवरच जाणार.

लेन्सकॅप
मेहरूणदादा, गिंबलचं वजन खरं, पण अर्धंच. त्याच उंचीवरून पोऱ्याला पण घेतात ना? त्याला घेताना ३५ किंवा २४ मिमीची रुंद लेन्स असते, पाऊल दोन पाऊल मागे, पूर्ण अंग फ्रेममध्ये. खालून घेतल्यामुळे तो उंच दिसतो, मागे लळिंगचा किल्ला, वर आभाळ. पोरीला घेताना जवळ ओढणारी ८५ लावतात आणि फ्रेम कमरेपासून गुडघ्यापर्यंत. उंची तीच, चौकट वेगळी. खांदा दुखला म्हणून कोणी लेन्स बदलत नाही.

दुसरी खूण म्हणजे टिल्ट. पायापासून सुरू करून चेहऱ्यापर्यंत वर जाणारा शॉट. त्यात चेहरा सगळ्यात शेवटी येतो, आणि पुष्कळदा चेहरा यायच्या आतच कट पडतो. हाच टिल्ट उलटा करा, चेहऱ्यापासून सुरू करून पैंजणावर उतरा. कपडे तेच, पोरगी तीच, पण बघणाऱ्याने तिचे डोळे आधी बघितलेले असतात. शॉटचा अर्थ फिरतो.

गिंबलवर उपाय साधा आहे. मोनोपॉड (एकपायी स्टँड) लावा, नाहीतर केळीचे दोन क्रेट एकावर एक ठेवून त्यावर उभे राहा. खान्देशात क्रेटला तोटा नाही.

भरीतकिंग
यावल-रावेरचे क्रेट आता सिनेमॅटोग्राफीत. भाव वाढेल का?

आसोद्याची
लेन्सकॅपताईंशी सहमत. सिनेमाच्या अभ्यासात हे जुनं आहे. सिनेमा-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हीच मांडणी केली होती: पडद्यावर पुरुष बघतो, बाई बघितली जाते आणि प्रेक्षक त्या पुरुषाच्या डोळ्यांनी बघतो. त्या हॉलिवूडबद्दल लिहीत होत्या.

पण आपल्याकडचा फरक लक्षात घ्या. खान्देशात गाणं हा मुळात बायकांचा प्रांत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर गाणाऱ्या सासुरवाशिणी, गौराईची गाणी, कानबाई देवीची गाणी, लग्नात हळदीपासून नवरीला वाटे लावेपर्यंतची गाणी. त्यात बोलणारी ‘मी’ बाईच. भाऊ न्यायला आला नाही म्हणून रुसणारी तीच, सासूला टोमणा मारणारी तीच. डीजेवरच्या गाण्यात तो ‘मी’ पोऱ्याकडे गेला आणि बाई ‘तू’ झाली, काही ठिकाणी तर ‘ती’. भाषा अहिराणीच राहिली, फक्त बोलणारा बदलला.

तापीकाठचा
आली, आसोद्याची पाटी आली. आता त्याच गावच्या बहिणाबाई येतील. चौथ्या प्रतिसादाच्या आत येतील असं वाटलं होतं, उशीर झाला.

आसोद्याची
तुम्हीच आणल्यात, मी नाव काढलं नव्हतं 🙂

मेहरूणकाठ
जुनी गाणी फार सोवळी होती असं भासवू नका. विहिणीला शिव्या घालायची गाणी ऐकली आहेत का कधी? डीजेवाल्याला घाम फुटेल अशी भाषा.

आसोद्याची
ती चावट होतीच, नाही कोण म्हणतंय. पण ती गाणारी बाई, जिच्यावर गायची ती बाई, आणि ती समोर बसून उलट गाणं म्हणायला मोकळी. चावटपणाला माझा विरोध नाही. एकतर्फीपणाला आहे.

सातपुडा_शहादा
आदिवासी टिमली नाचाचे व्हिडिओ कोणी मोजले का? नंदुरबार, धडगाव, तिकडे गुजरात-मध्य प्रदेशच्या सीमेपर्यंत चालतात. नाचच रांगेचा आहे. पोरं-पोरी हाताला हात लावून एका ओळीत, पावलं सारखी. रांग दाखवायची तर कॅमेरा मागे न्यावाच लागतो. जवळ गेलात तर पावलंच दिसत नाहीत आणि नाच मरतो. म्हणून तिथे अख्ख्या बाया दिसतात, नुसत्या कमरा नाही. नाचाची रचनाच कॅमेऱ्याला शिस्त लावते.

उलट अहिराणी किंवा मराठी गाण्यात ‘आदिवासी लूक’ म्हणून जे दाखवतात ते चीड आणणारं आहे. पावरा बाईचे चांदीचे दागिने भाड्याने आणायचे, गळ्यातलं कमरेला बांधायचं, वर शहरी ब्लाऊज, आणि तोरणमाळच्या धुक्यात तिला हरणीसारखं पळवायचं. अशा गाण्यात तिची बोली चुकूनही कानावर पडत नाही.

टाइमलाइनवाला
सातपुडाभाऊ, लाखात एक मुद्दा. ग्रुपचा शॉट वाइड लागतो, हे खरंच.

पण आता रील आलं आणि तिथेही सुरी चालली. हिशेब बघा. मूळ व्हिडिओ आडवा, १९२० बाय १०८०. त्यातून उभं रील कापायचं तर १०८० उंचीला रुंदी मिळते ६०७ पिक्सेल, म्हणजे मूळ चित्राच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. फ्रेममध्ये डावीकडे गाणारा पोऱ्या आणि उजवीकडे पोरगी असेल तर दोघं मावत नाहीत. कापणारा पोरीला ठेवतो, कारण स्क्रोल करणारा तिच्यावर थांबतो. ओठ हलणारा माणूस बाहेर, न बोलणारी आत. वरून आणखी झूम केला की डोकंही कापलं जातं. मूळ दिग्दर्शकाने बरा शॉट घेतला असला तरी रीलमध्ये नुसतं धड उरतं. हे टाळायचं तर शूटच्या वेळीच मॉनिटरवर ९:१६ च्या रेघा लावून दोघांना मागे-पुढे उभं करायचं, शेजारी-शेजारी नाही.

वांगं_बामणोदचं
पण बायका स्वतःच या गाण्यांवर रील करतात, हळदीत सगळ्यात पुढे नाचतात. त्यांना त्रास नाही तर आपण कोण?

लेन्सकॅप
हळदीत वाजतो तो ऑडिओ. तिथे व्हिडिओ कोणी बघत नाही. ठेका चांगला आहे, बाई नाचणारच. आणि ती स्वतःचं रील करते तेव्हा फोन तिच्या हातात किंवा मैत्रिणीच्या, लेन्स डोळ्यांच्या रेषेत, बघते ती थेट लेन्समध्ये, आणि ओठ तिचे हलतात! पोऱ्याच्या ओळीवरसुद्धा तीच ओठ हलवते. धाग्याचा प्रश्न हाच तर होता. संधी मिळाली की ती सगळ्यात आधी तोंड परत घेते.

कापूसकोंड्या
लेन्सकॅपताई, हे सुचलं नव्हतं. टाळ्या.

वकीलबाई_धुळे
कायद्याचं कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच लिहिते.

सेन्सॉर बोर्ड १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालचं, थिएटरसाठी. यूट्यूबवरच्या गाण्याला त्याचं प्रमाणपत्र लागत नाही. केबलवर गाणं लागलं तर केबल नियमावली १९९४ चा नियम ६ आहे, त्यात स्त्रीच्या शरीराच्या चित्रणातून तिची अवहेलना करणारा कार्यक्रम दाखवायला मनाई आहे. १९८६ चा स्त्रियांचं असभ्य प्रतिरूपण रोखणारा कायदा वेगळा. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. इंटरनेटवर अश्लील मजकूर टाकला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत. पण नुसता वाईट टिल्ट शॉट यातल्या कशातही सहजी बसत नाही. कोर्टात ‘असभ्य’ सिद्ध करावं लागतं आणि कापूसभाऊंच्या रेघा तिथे चालत नाहीत.

मात्र एक प्रकार मनावर घ्या. शाळेचा गणवेश घातलेली, दोन वेण्या बांधलेली नायिका आणि गेटवर बाईक लावून उभा हिरो. अभिनय करणारी मुलगी खरोखर अठरा वर्षांखालची असेल आणि चित्रण असभ्य असेल तर पोक्सोचं कलम १३ लागू शकतं, त्याची किमान शिक्षा पाच वर्षं आहे. “बारावीतली आहे, घरच्यांना विचारलंय” हा बचाव नाही. शूटच्या आधी वयाचा कागद बघा आणि प्रत ठेवा. चौदा वर्षांखालचं मूल घेत असाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, आणि तिच्या मोबदल्यातले किमान वीस टक्के तिच्या नावे मुदत ठेवीत.

भरीतकिंग
दोन हजार दंड! ड्रोनचं एक दिवसाचं भाडं तरी सुटतं का तेवढ्यात?

तापीकाठचा
मागे मागे फिरण्याचं काय? अर्ध्या गाण्यांची गोष्टच ती. बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत पाठलाग, ती तीनदा नाही म्हणते, चौथ्यांदा हसते.

वकीलबाई_धुळे
गाण्यात दाखवणं हा गुन्हा नाही. प्रत्यक्षात केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत. गंमत अशी की गाण्यात त्या चौथ्या वेळच्या हसण्याला कारण कधीच दिलेलं नसतं. तिला ओळ असती तर गीतकाराला कारण लिहावं लागलं असतं.

रंगारी
चेहरा गोरा करण्यावर कोणी बोललं नाही अजून. ग्रेडिंगमध्ये (व्हिडिओचे रंग बसवताना) सगळ्यात जास्त वेळ त्यावर जातो. त्वचेचा रंग केशरी पट्ट्यात येतो. एचएसएलमध्ये (एकेक रंग वेगळा बदलायची सोय) केशरीची ल्युमिनन्स म्हणजे उजळपणा वर केला, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा थोडा खाली, की बाई गोरी. पण त्याच फ्रेममधला पोऱ्या, मातीचा रस्ता, वाळलेली कपाशी हे सगळंच केशरीत असतं, तेही फटफटीत होतं. म्हणून तिच्या एकटीच्या तोंडाला मास्क लावून ट्रॅक करतात. पोऱ्या सावळाच राहतो, ‘गावठी मर्द’ म्हणून तो तसा चालतो.

हे पकडायचं कसं? तिचा हात तिच्याच गालाला लागतो तो शॉट शोधा. मास्क तोंडापुरता असतो. हात खान्देशी, गाल भलत्याच मुलखातला. आणि ती पटकन मान वळवते तेव्हा मास्क क्षणभर मागे राहतो, कानाजवळ पांढरी झाक रेंगाळते. बरं करायचं असेल तर वेक्टरस्कोपवर (रंग मोजायच्या आलेखावर) स्किन टोनची रेघ असते. सावळी आणि गोरी, दोघांची त्वचा त्याच रेघेवर पडते, फरक उजेडाचा. मुळात भुसावळच्या मे महिन्यात दुपारी बाराला शूट करू नका. ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात, आणि त्या लपवायलाच हा सगळा चुना लागतो. सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर, नाहीतर पांढरी चादर वर ताणा.

भरीतकिंग
भुसावळच्या मे महिन्यात मेकअप गालावर थांबत नाही, थेट वरणगावला जातो.

मेहरूणकाठ
ठीक, बरंचसं मान्य. पण निर्मात्याची बाजू मांडतो. थंबनेलवर पोरगी नसेल तर क्लिक येत नाहीत. ज्याने घरचे पैसे घातले त्याने काय करायचं?

टाइमलाइनवाला
दादा, हे तपासता येतं. यूट्यूब स्टुडिओत एकाच व्हिडिओला तीन थंबनेल लावून तुलना करायची सोय आहे. ती जिंकणारं थंबनेल क्लिकवर ठरवत नाही, लोक किती वेळ बघतात त्यावर ठरवते. थंबनेलवर जी कंबर दाखवली ती गाण्यात दोन सेकंद असेल तर लोक पंधराव्या सेकंदाला पळतात आणि रिटेन्शनचा (किती जण बघत राहिले त्याचा) आलेख तिथेच कडा कोसळल्यासारखा पडतो. जास्त ताणलं तर वयाची अट लागते: जाहिराती जवळपास बंद, आणि लॉगिन न केलेल्या टीव्हीवर गाणं उघडतच नाही. तुमचा घरगुती प्रेक्षक तिथेच गेला.

रेकॉर्डिंगरूम
गायिकेबद्दल एक शब्द नाही? ड्युएट असेल तर धृपदातला ‘हाय’ आणि एक ओळ गायला तिला बोलावतात. पैसे एकदाच. पोस्टरवर गायक, निर्माता, डीओपी (मुख्य कॅमेरावाला), अगदी ड्रोनवाला, आणि गायिकेचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये ‘आणखी पाहा’ दाबल्यावर. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ब आलं, सादरकर्त्याला आपलं नाव लावून घ्यायचा हक्क आहे. मागा.

आणि तिची पट्टी! गाणं पोऱ्याच्या सोयीच्या सुरात बसवतात, तीच चाल तिला एक सप्तक वर गावी लागते. आवाज चिरका झाला की “बाईचा आवाज असाच गोड लागतो” म्हणून पुढे. अंतरा तिचा असेल तर तेवढ्यापुरता सूर दोन-तीन स्वर खाली घ्या. कीबोर्डवाल्याचं ते दोन मिनिटांचं काम आहे.

आसोद्याची
नुसता अंतरा देऊनही भागत नाही हं. तिच्या अंतऱ्यात लिहितात काय? “मी तुझीच, तुझ्यासाठीच नटले.” म्हणजे तोंड तिचं, बोलणं पोऱ्याचंच. वहीगायनात (आपल्या लोककलेत) पुरुष लुगडं नेसून बाईचं पात्र करतो, तिथे निदान सगळ्यांना माहीत असतं की आत कोण आहे.

कापूसकोंड्या
खरंय. रकाना वाढवावा लागेल: तिच्या ओळीत तिला स्वतःला काय हवंय? साडी, पिक्चर, माहेर, घटस्फोट, काहीही चालेल.

लेन्सकॅप
सेटवरचंही लिहून ठेवा. कामाच्या आधी एका कागदावर: कोणते कपडे, पाण्यातले शॉट आहेत का, थंबनेल तिला दाखवून लावणार का, रील कोण कापणार, हेच फुटेज दुसऱ्या गाण्यात वापरणार का, चेहरा एआयने बदलणार का. दोघांच्या सह्या, एक प्रत तिच्याकडे. कपडे बदलायला कपाशीच्या वावरात चादरीचा आडोसा चालत नाही, जवळच्या घराची एक खोली आधी ठरवा. सोबत तिचं माणूस.

वकीलबाई_धुळे
+१. आणि युनिट दहा जणांच्या आतलं असलं तरी २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागू होतो, एका दिवसाच्या कामालाही. अशा वेळी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत.

कानबाई_अमळनेर
उशिरा आले. वेगळा प्रश्न विचारू का? श्रावणात कानबाईच्या गाण्यांचा व्हिडिओ करायचा आहे. रात्री जागरणाला बायका स्वतःच गातात, तोंडं त्यांचीच. तरी कॅमेरावाला म्हणतो, “मावशी, त्या गोऱ्या सुनेला पुढे बसवा.” काय सांगायचं त्याला?

लेन्सकॅप
सांगायचं की जी गाणं उचलते ती पुढे, मग ती सत्तरीची असो. बायका खाली बसणार, म्हणून लेन्स जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या रेषेत. उभ्याने वरून घेतलं तर नुसते पदर आणि भांग दिसतील. एक कॅमेरा स्थिर, पूर्ण घोळका आणि चौरंगावरची कानबाई एका फ्रेममध्ये. दुसरा ५० च्या लेन्सने, फक्त चेहरे, गाणारीचा आणि झेलणारीचा. स्लो मोशन अजिबात नाही, टाळी आणि शब्द सुटतात.

रेकॉर्डिंगरूम
माइक घोळक्याच्या मध्ये, डोक्यांच्या थोडा वर. पंखा बंद ठेवा, त्याची घरघर नंतर निघत नाही. शब्द कागदावर उतरवून व्हिडिओखाली द्या, आणि गाणाऱ्या सगळ्यांची नावं पण, ज्यांना चालत असेल त्यांची.

आसोद्याची
आणि रोटाचं (कानबाईच्या नैवेद्याचं) गाणं घ्यायला विसरू नका. काही घरांत रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा मूठ मोजून घेतात. त्यावर मावश्या आपसात काय बोलतात तेही माइक चालू ठेवून ऐका.

भरीतकिंग
पंखा बंद, माइक चालू, आणि मावश्या नवऱ्यांवर बोलणार. हा व्हिडिओ मी आवाज चालू ठेवून बघणार.